डिमरवरचा हात

ध्यानाला बसायला लागून सात वर्षं झाली. त्यातली जवळजवळ सहा वर्षं मी ज्याला साक्षीभाव, म्हणजे मनात येईल ते नुसतं बघत राहणं, समजत होतो, ते भलतंच काहीतरी होतं. हे मला कळलं ते आमचं नाट्यगृह जळल्यावर. त्याबद्दल लिहायला हात धजत नव्हता. पण आमच्या ओळखीतले तीन-चार जण आता ध्यानाला बसू लागलेत, आणि त्यांच्या बोलण्यात मला माझीच जुनी वाक्यं ऐकू येतात. म्हणून लिहितो.

कोल्हापुरात उद्यमनगरात माझं मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे. जळलेली मोटार उघडायची, काळी पडलेली तार उपसून काढायची, नवी कॉईल भरायची, वॉर्निश पाजायचं. हे दिवसाचं काम. संध्याकाळचं काम म्हणजे नाटकाचे लाइट. 1986 पासून हौशी संस्थांच्या नाटकांना लाइट करत आलो. स्पर्धेची नाटकं, एकांकिका, संगीत नाटकं, शाळांची गॅदरिंग. बहुतेक सगळं केशवराव भोसले नाट्यगृहात. शाहू महाराजांनी 1915 साली बांधलेलं हे थिएटर. तेव्हा त्याचं नाव पॅलेस थिएटर होतं. शेजारी खासबागचं कुस्तीचं मैदान. एका भिंतीच्या अल्याड नाटक आणि पल्याड कुस्ती, असा हा आमच्या राजाचा हिशेब.

लाइट शिकवणारे उस्ताद आमच्या पेठेतलेच. पहिल्या दिवशी त्यांनी मला काळोख्या रंगमंचावर उभं केलं, वरचा एक स्पॉट चालू केला आणि विचारलं, "लाइट कुठाय? दाव."

मी वर बोट केलं.

"त्यो बल्ब. लाइट कुठाय?"

मी खाली उजळलेल्या गोलाकडं बोट केलं.

"ती फळी. लाइट कुठाय?"

मी गप्प बसलो. मग ते म्हणाले, "हात धर मधी." मी हात पुढं केला आणि मघापासून नुसता काळोख होता तिथं माझा हात झळकला. "लाइट कवाच दिसत न्हाई. ज्याच्यावर पडतो ते दिसतं. हे डोस्क्यात ठेव, म्हंजे कुणाच्या तोंडावर किती टाकायचा ते कळंल."

मी ते डोक्यात ठेवलं ते फक्त नाटकापुरतं. अंबाबाईच्या किरणोत्सवाला गर्दीत उभं राहिल्यावरही मला दर वेळी तेच आठवतं. मावळतीची किरणं महाद्वारातून आत येतात, गरुड मंडप ओलांडतात. पहिल्या दिवशी देवीचे पाय उजळतात, मग छाती, मग मुख. किरण असा कुणालाच दिसत नाही. दिसते ती आई.

2018 मध्ये वडील गेले आणि माझी झोप उडाली. रात्री दोनला जाग यायची आणि त्यांच्याशी केलेली भांडणं एकेक करून पुढ्यात येऊन बसायची. दुकानाच्या लाइनीतला एक मित्र म्हणाला, आळत्याला जाऊन ये. हातकणंगले तालुक्यात रामलिंगच्या वाटेवर धम्मालय म्हणून विपश्यनेचं केंद्र आहे. डिसेंबरात दहा दिवस तिथं जाऊन बसलो. पहाटे चारला घंटा. मौन. अकराला जेवण, संध्याकाळी पाचला चहा आणि थोडं काही, त्यानंतर काही नाही. फी नाही. शेवटी ज्याला वाटेल त्यानं दान द्यायचं. पहिले तीन दिवस फक्त श्वास बघायचा, नाकपुडीपाशी येतो-जातो तेवढाच. चौथ्या दिवसापासून डोक्यापासून पायापर्यंत शरीरातल्या संवेदना बघायच्या.

शिकवणारा आवाज रेकॉर्डिंगवरचा, सत्यनारायण गोएंकांचा. हा माणूस 1924 साली ब्रह्मदेशात मंडालेला जन्मला, व्यापारी घरातला. ज्यांच्याकडून शिकला ते उ बा खिन हे तिथले अकाउंटंट जनरल. सरकारी हिशेबनीस माणूस ध्यान शिकवतो, हे मला फार धीर देणारं वाटलं. म्हणजे दुकानदारालाही जमेल.

पाचव्या दिवशी दुपारी अधिष्ठानाची बैठक होती. एक तास हात, पाय, डोळे काही हलवायचं नाही. विसाव्या मिनिटाला डावा गुडघा पेटला. मी तो बघत राहिलो. थोड्या वेळानं 'गुडघा दुखतोय' ही एकसंध गोष्ट फुटली. त्यात एक ऊब होती, एक ठणका होता आणि हाडाच्या आत कुणी पाचर मारल्यासारखा दाब होता. ठणका सलग नव्हता, येऊन-जाऊन होता. मधल्या फटीत काहीच नव्हतं. दुखणं आहे आणि ते दिसतंय, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे मला चोपन्नाव्या वर्षी पहिल्यांदा कळलं. त्या दिवशी खोलीवर जाऊन मी बराच वेळ भिंतीला टेकून बसलो होतो. वडिलांच्या जाण्याचं दुःखही असंच असेल का, ऊब, ठणका, दाब, हा विचार तेव्हाच आला.

घरी आल्यावर रोज पहाटे पाचला माडीवर बसायला लागलो. झोप परत आली. दुकानातल्या पोरांवर ओरडणं कमी झालं. राग यायला लागला की मनात म्हणायचो, 'राग येतोय, बघ.' आणि तो उतरायचा. भीती आली, 'भीती आहे, बघ.' उतरली. करोनात दुकान बंद पडलं, पैशाची ओढाताण झाली, तेव्हाही हेच केलं. लोक म्हणायचे, केवढा शांत झालाय हा. मलाही तसंच वाटायचं.

आमच्या गल्लीत संस्कृतचे एक निवृत्त सर राहतात. रविवारी त्यांच्याकडचे पंखे, मिक्सर बघायला जातो आणि तासभर बसतो. एकदा मी त्यांना माझं हे 'बघणं' सांगितलं. ते उठले आणि कपाटातून पंचदशी काढून आणली. चौदाव्या शतकातल्या विद्यारण्यांचा वेदान्तावरचा ग्रंथ, पंधरा प्रकरणांचा.

"तुझ्या धंद्यातलंच प्रकरण आहे बघ यात. दहावं. नाव नाटकदीप."

मी चमकलोच. सरांनी श्लोक वाचून अर्थ सांगितला. नृत्यशाळेत एक दिवा आहे. तो यजमानाला उजळतो, जमलेल्या लोकांना उजळतो, नाचणारीलाही उजळतो. अविशेषेण, म्हणजे कुणाला कमी नाही, कुणाला जास्त नाही. आणि ते सगळे उठून गेले, शाळा रिकामी झाली, तरी दिवा तेवतोच. मग विद्यारण्य एकेकाची ओळख करून देतात. अहंकार हा यजमान, त्याच्यासाठीच सगळा खेळ चाललाय. विषय म्हणजे सभेतली मंडळी. नाचणारी ती बुद्धी. ताल धरणारी साथीदार मंडळी म्हणजे इंद्रियं. आणि दिवा तो साक्षी.

सर पुढं म्हणाले, "सांख्य तत्त्वज्ञानवाल्यांनीही नाचणारीचाच दाखला दिलाय. ईश्वरकृष्णाच्या कारिकांत प्रकृती नाचून दाखवते आणि प्रेक्षकांनी बघितलं की थांबते. तिथं पुरुष हा बघणारा, प्रेक्षक. इथं मात्र विद्यारण्यांनी प्रेक्षकालाही उजेडात बसवलंय आणि साक्षीला दिवा केलंय. हा फरक मोठा आहे. प्रेक्षकाला नाटक आवडतं, नावडतं. दिव्याला काय?"

मग त्यांनी मला विचारलं, "तू यातला कोण?"

मी क्षणाचाही विचार न करता म्हणालो, "मी लाइटवाला. दिवा चालवणारा."

सर माझ्याकडं बघत राहिले. म्हणाले, "दिवा चालवणारा या श्लोकात नाही रे."

मला वाटलं, शब्दांचा खेळ आहे. मिक्सरचा ब्रश बदलून दिला आणि घरी आलो. ही 2022 ची गोष्ट.

8 ऑगस्ट 2024 च्या रात्री फोन आला, थिएटर पेटलंय. मी पळत गेलो. ज्यांनी ती आग बघितली त्यांना वर्णन नको आणि ज्यांनी बघितली नाही त्यांना ते करून सांगता येणार नाही. दुसऱ्या दिवशी, 9 ऑगस्टला, संगीत नाटकांतले गायक-नट केशवराव भोसल्यांची जयंती. 1890 चा त्यांचा जन्म, अवघं एकतीस वर्षांचं आयुष्य, आणि त्यांच्या नावाचं थिएटर त्यांच्या वाढदिवसाच्या आदल्या रात्री गेलं. मोठमोठे कलावंत रस्त्यात उभे राहून लहान पोरासारखे रडत होते. कधी तिकीट काढून नाटक न बघितलेले लोकही रडत होते.

मी रडलो नाही. मी गर्दीत उभा राहून मनात म्हणत होतो, 'ज्वाळा दिसतायत. चेहऱ्यावर झळ लागतेय. छातीत दाब आहे. बघ.' आणि छातीतला दाब उतरला. पहाटे पाचला नेहमीसारखा माडीवर बसलो. बैठक इतकी स्थिर झाली की मला मनातून समाधान वाटलं. अडतीस वर्षं ज्या फळीवर माझा उजेड पडला ती राख झाली आणि माझा श्वास एका लयीत चाललाय. मला वाटलं, आळत्याला जे शिकलो ते अंगात मुरलं.

चार-पाच दिवसांनी जेवताना बायको म्हणाली, "तुम्ही रडला न्हाईसा."

मी म्हणालो, "बघतोय ना मी. येतंय, जातंय."

ती म्हणाली, "ते मला म्हाईत न्हाई. पण मामंजी गेले तवा तुम्ही रात्री उठून बसत होतासा, तर मी शेजारी येऊन बसत होतो. आता तुम्ही कुठं बसलाय तेच कळंना झालंय." (आमच्याकडं बायकाही 'बसत होतो', 'आलो', 'गेलो' असंच बोलतात. बाहेरच्यांना नवल वाटतं.)

मला उत्तर सुचलं नाही. पोरगी पुण्याहून आली होती. तिनं बापाची बाजू घेतली नाही, गप्प जेवत राहिली.

त्या आठवड्यातलीच गोष्ट. एका संस्थेचा जुना हजार वॉटचा स्पॉट जुलैपासून माझ्या दुकानात पडून होता. त्यांच्या मालकीचा, थिएटरचा नव्हे. होल्डर कार्बन धरून खराब झालेला, म्हणून दुरुस्तीला आणला होता आणि कामाच्या गर्दीत राहून गेला होता. राहून गेला म्हणूनच शाबूत होता. पोरं गेल्यावर संध्याकाळी मी तो घेतला. चिनी मातीचा नवा होल्डर बसवला, उष्णता सोसणारी वायर ओढली, हॅलोजन घातला आणि दुकानातल्या जुन्या डिमरवर, म्हणजे उजेड कमी-जास्त करायच्या मुठीवर, जोडला. हळूहळू वर नेला. फिलामेंट आधी लालसर, मग केशरी, मग पिवळं झालं. ज्यांनी आता आलेले एलईडी लाइटच बघितलेत त्यांनी हे एकदा बघायला हवं. हॅलोजन असा उगवतो. समोरच्या भिंतीवर उजेडाचा गोल आला. आणि तापल्यावर काचेवरची धूळ जळायला लागली, तिचा वास आला. फ्रेममध्ये उजेडाला रंग द्यायच्या जिलेटिनचा एक जुना तुकडा अडकून राहिला होता, त्याचाही.

तिसऱ्या घंटेच्या आधी लाइट तापवायला लावले की हाच वास यायचा. अडतीस वर्षांचा वास. माझा हात डिमरच्या मुठीवर होता. आतून हुंदका आला आणि सवयीनं मी मनात म्हणालो, 'छातीत दाब...' आणि त्याच वेळी माझ्या हातानं डिमर खाली ओढला.

गोल विझला. मी माझ्या हाताकडं बघत उभा राहिलो.

सहा वर्षं मी हेच करत होतो. राग आला, नाव दिलं, खाली ओढला. भीती आली, नाव दिलं, खाली ओढली. थिएटर जळताना समोरचा प्रवेश मला सोसवेना, म्हणून मी तो अंधुक केला आणि त्या अंधाराला समता म्हणालो. दिवा निवडत नाही. निवडतो तो लाइटवाला. मी लाइटवालाच होतो, आणि सरांच्या श्लोकात लाइटवाल्याला जागा नव्हती.

मी डिमर परत पूर्ण वर नेला आणि हात काढून घेतला. मग जे रडू आलं ते आवरलं नाही. त्यात थिएटर होतं, उस्ताद होते, त्यांनी उजेडात धरायला लावलेला माझा बावीस वर्षांचा हात होता. वडीलही होते. ते कधीच माझं एक नाटक बघायला आले नव्हते. शेजारच्या गाळेवाल्यानं दारातून वाकून बघितलं आणि न बोलता गेला. किती वेळ गेला सांगता येणार नाही. पण एक गोष्ट सांगता येते, आणि त्यासाठीच हे सगळं लिहितोय. इतकं रडताना आतलं दिसणं एवढंसंही कमी झालं नव्हतं. नाव देणारा आवाज बंद होता. 'बघ' असं कुणी म्हणत नव्हतं. तरी भिंतीवरचा गोल स्वच्छ होता, ट्यूबचा बारीक घरघर आवाज येत होता, वॉर्निशचा डबा उघडा राहिलाय हे कळत होतं, घसा आवळतोय, सुटतोय, परत आवळतोय हेही कळत होतं. दुःख अगदी जवळ होतं, मधे काच नव्हती. आणि त्याच्याएवढंच जवळ ते दिसणं होतं. आजवर मला वाटायचं, साक्षी म्हणजे दोन पावलं मागं सरकून उभं राहणं. त्या संध्याकाळी मागं सरकायला जागाच नव्हती आणि तशी गरजही पडली नाही.

रविवारी सरांकडं गेलो. सगळं सांगितलं. विचारलं, "मग ते 'बघ, बघ' म्हणणारं कोण होतं?"

सर म्हणाले, "तीही नाचणारीच. नवं पाऊल शिकली होती. साक्षीचं सोंग घेऊन नाचत होती, आणि यजमान खूश होता."

मला ते बरोबर वाटलं. बैठक स्थिर झाल्यावर जे समाधान वाटलं होतं ना, ते त्या यजमानाचंच.

इथं एक गोष्ट सांगायला हवी, कारण मी दोन घरचं एकत्र करून बोलतोय. विद्यारण्य म्हणतात, सगळे गेले तरी दिवा तेवत राहतो. आळत्याला शिकवतात त्या बुद्धाच्या वाटेत असा कायमचा दिवा कुणी मानत नाही. तिथं विज्ञान, म्हणजे जाणणं, हासुद्धा पाच स्कंधांपैकी, म्हणजे माणूस ज्यांचा बनतो त्या पाच ढिगांपैकी, एक. तेही उपजतं आणि मावळतं. 'अनिच्च', म्हणजे कायम न टिकणारं, हा शब्द त्यालाही लागू. हा हजारो वर्षांचा वाद आहे आणि तो मिटवण्याएवढी माझी समज नाही, मिटवायची घाईही नाही. मात्र दोन्हीकडं माझ्या त्या डिमरला थारा नाही. वेदान्तात साक्षी काही करत नाही. विपश्यनेत संवेदनेला हवंसं वाटण्याची ओढ किंवा द्वेष, म्हणजे नकोसं वाटणं, अशी प्रतिक्रिया द्यायची नाही हेच सगळं काम आहे, आणि मी नावं देऊन दुःख उतरवत होतो तो बारीक, सभ्य दिसणारा द्वेषच होता. दहा दिवस तेच कानावर पडत होतं. मला ऐकू यायला सहा वर्षं लागली.

आता बसतो तेव्हा नाव देत नाही. नवशिक्याला नाव देण्याचा उपयोग होतो, नाही असं नाही, गुडघा फोडून बघताना मलाही झाला. पण आता मनात शब्द उठला तर तोही एक आवाज म्हणून ऐकू येतो. साक्षी कुठं आहे म्हणून शोधायला जात नाही. पूर्वी जायचो. डोळे मिटून डोक्याच्या मागच्या बाजूला कुठंतरी एक बघणारा बसवायचो आणि त्याच्याकडून बघायचो. उस्तादांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की लाइट दिसत नसतो. श्वास दिसतो, गुडघा दिसतो, गल्लीतला दूधवाला दिसतो म्हणजे ऐकू येतो. कधी थिएटर दिसतं. तेवढं पुरे.

आणि एक पारख मी स्वतःसाठी ठेवलीय. बैठकीवरून उठल्यावर घरातली माणसं जवळ आलेली वाटतात की लांब गेलेली? लांब वाटली तर ओळखतो, आज हात परत मुठीवर होता. जे नव्यानं बसायला लागलेत, त्यांना कळकळीनं सांगतो, शांत होणं आणि बधिर होणं यातला फरक बसणाऱ्याला लवकर कळत नाही. शेजारी झोपणाऱ्या माणसाला आधी कळतो. त्याला विचारा.

नाट्यगृह परत उभारायचं काम सुरू झालंय. दगडी भिंती टिकल्यात. परवा त्या बाजूनं आलो तर सायकल लावून जरा वेळ उभा राहिलो. डोळे भरून आले. भरू दिले.

घरी आलो तर बायको कुकर लावत होती. विचारलं, "कुठं गेला होतासा?"

"थिएटरपाशी."

तिनं माझ्या तोंडाकडं बघितलं. गॅस बारीक केला आणि म्हणाली, "थांबा, मी पण येतो उद्या."